मुदपाकखान्यापासून विद्यापीठापर्यंत

या व्याख्यानमालेची विषयपत्रिका गावात लागली, त्या संध्याकाळी तिच्यासमोर उभ्या असलेल्या दोघा गृहस्थांचे बोलणे सहज माझ्या कानी पडले. एकाने मोठ्याने वाचले, "खाद्य-पेय व्यवस्थापनाचे विद्यापीठीय शिक्षण : त्याचा इतिहास", आणि विचारले, "हे काय प्रकरण आहे बुवा?" दुसरे म्हणाले, "काही नाही हो. वाढपी व्हायलाही आता पदवी लागते, एवढेच सांगणार असतील." मीही हसलो. पण घरी जाताना वाटले की या गृहस्थांनी थट्टेत जे म्हटले, ते आपल्या समाजाने कित्येक पिढ्या गंभीरपणे मानलेले आहे. स्वयंपाक मुलीने आईकडून शिकावा, आचाऱ्याच्या मुलाने बापाकडून शिकावा. त्यात विद्यापीठाने लुडबुड करण्यासारखे काय आहे? या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासात शोधणार आहे, आणि त्यासाठी आपल्याला या जिल्ह्याची वेस फारशी ओलांडावी लागणार नाही.

१६७४ सालच्या मे महिन्यात हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील मुंबईहून चौलला उतरला आणि तेथून निजामपूर, पाचाड असा मुक्काम करीत रायगडावर पोहोचला. शिवराज्याभिषेकाचा तो साक्षी. त्याने काय नजराणा दिला, तहाची कोणती कलमे मांडली, हे आपण शाळेत वाचलेले असते. परंतु जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने आपल्या प्रवासवृत्तांतात या वकिलातीची आणखी एक हकीकत नोंदवून ठेवली आहे, तिच्याकडे इतिहासकार सहसा वळत नाहीत. गडावर पाहुण्यांना तांदूळ-डाळीची, तुपातली खिचडी मिळे. मांसाची सवय असलेल्या इंग्रजांना ती मानवेना. त्यांनी गाऱ्हाणे केले, तेव्हा गडाच्या परिसरातील थोड्या मुसलमानांना मांस पुरविणारा एक खाटीक होता, त्याने त्यांना बकऱ्याचे मांस द्यावे असा हुकूम झाला. रोजचे अर्धे बकरे या मंडळींना लागू लागले. तो खाटीक म्हातारा झालेला. पण एके दिवशी तो एवढा गड चढून वर आला, केवळ या गिऱ्हाइकांचे दर्शन घ्यावे म्हणून! कित्येक वर्षांत जेवढे मांस त्याने विकले नव्हते, तेवढे या थोड्या दिवसांत खपले होते.

गोष्ट गमतीची आहे, पण तिच्यात आजच्या विषयाचे बीज आहे. परक्या माणसाला आपण जे खातो ते नव्हे, तर त्याला जे चालते ते खाऊ घालणे, त्यासाठी माल कोठून येईल ते पाहणे, रोजचा खप ठरविणे आणि हे सगळे कोणाच्या तरी हुकमाने, हिशेबाने होणे, ही घरची रसोई नव्हे. ही व्यवस्था आहे. आणि राज्यकर्त्यांना ती अपरिचित नव्हती. अठरा कारखान्यांच्या ज्या याद्या बखरींतून आलेल्या आहेत त्यांत अंबारखाना आहे, मुदबखखाना म्हणजे ज्याला आपण पुढे मुदपाकखाना म्हणू लागलो तो आहे, शरबतखाना आहे आणि पाण्याचा आबदारखानाही आहे. धान्याचे कोठार निराळे, चूल निराळी, पेये निराळी, पाणी निराळे. आजच्या मोठ्या हॉटेलातील विभागांची पाटी वाचावी तशी ही नावे वाटतात. राज्यव्यवहारकोशात तर एक सबंध वर्गच 'भोग्यवर्ग' म्हणून घातलेला आहे.

मग हे शास्त्र पुढे वाढले का नाही? तोफखान्याची विद्या झाली, दफ्तरखान्याची विद्या झाली, मुदपाकखान्याची मात्र झाली नाही. माझ्या मते याचे कारण आळस नव्हे. शिजविणे हे काम आपल्याकडे जातीशी बांधलेले होते. कोणाच्या हातचे चालते हे आधी ठरे, ते कसे शिजले आहे हे मागाहून. जी गोष्ट जन्माने ठरते ती शिकविण्याची सोय कोण करील? आणि जेथे पंगत एकाच जातीची, तेथे 'गिऱ्हाईक' हा शब्दच उत्पन्न होत नाही.

हा शब्द उत्पन्न झाला तो मुंबईत. आणि तो करण्यात आपल्या किनाऱ्याचा हात मोठा आहे. मुंबई ही आपल्या अंगणातील गिरणगाव. १८५० नंतरच्या दशकात तेथे कापसाच्या गिरण्या निघू लागल्या आणि रत्नागिरी-कुलाब्याकडची माणसे गलबतांतून, मग आगबोटींतून तिकडे जाऊ लागली. (आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावानेच ओळखला जाई, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगतो.) माणसांच्या पाठोपाठ त्यांचे अन्नही गेले : अलिबागेचा पांढरा कांदा, पेणकडचा तांदूळ नि पोहे, खारेपाटातले मीठ, कोळणींची सुकी मासळी. पेयही गेले. उरणच्या भट्ट्यांतून मोहाची दारू गाळून ती मुंबईच्या गुत्त्यांना पुरविली जाई, हा त्या गावाचा एके काळी मोठा धंदा होता. आणि किनाऱ्यावरील माडाची माडी काढणे हे भंडारी समाजाचे पिढीजात काम होते, १८७८ च्या अबकारी कायद्याने त्यावर सरकारी करांचा जो भार टाकला त्याने ते लोक पुरते गांजले.

गिरणीतील माणूस एकटा राहणारा. बायकोमुले गावी. दहा-पंधरा जणांनी एक खोली भाड्याने घ्यावी, पाळीपाळीने तेथे झोपावे आणि जेवायला खानावळीत जावे. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतल्याच एका खोलीत, बहुधा गावाकडचीच एखादी बाई ती चालवी. तिच्या हिशेबाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण माझ्या विषयाची खरी शाळा ही आहे. गिऱ्हाईक पैसे देणार पगार झाल्यावर, महिन्याने. वाण्याकडून माल येणार उधारीवर, आज. म्हणजे एक महिनाभर वीस-पंचवीस माणसांचे पोट ती स्वतःच्या पतीवर चालवीत असे. पत म्हणजे पुष्कळदा गळ्यातले मंगळसूत्र. एखादा गावी गेला तर त्याचा 'खाडा' धरावयाचा. पण खाडा आधी कळवला नसेल तर शिजलेले अन्न अंगावर पडणार. म्हणून किती वेळ आधी सांगितले तर खाडा मान्य, याचेही नियम होते. सकाळच्या पाळीला सहाच्या आत डबा, रात्रपाळीला निराळा. सणाच्या दिवशी गोडधोड, ते त्याच पैशांत. महिन्याच्या शेवटी मासळी लहान होत जाते आणि आमटी पातळ होत जाते, ही खानावळीची थट्टा आपण सर्वांनी केलेली आहे, मी विद्यार्थिदशेत खूपच केली. आज वाटते, ती बाई उरलेल्या रकमेला उरलेल्या दिवसांनी भागत होती. भागाकार बरोबर होता.

या बायकांची नावे इतिहासात नाहीत. त्या एकत्र आल्या त्या फार उशिरा, १९७५ मध्ये, प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले तेव्हा. आणि बँकेने त्यांना कर्ज द्यावे हे त्या मंडळाने पटवून दिले. नंतर सात वर्षांतच, १९८२ चा गिरणीसंप आला आणि त्या संपाने जेवणारा कामगारच देशोधडीला लागला. असो.

आता याच काळात छापील विद्येचे काय चालले होते ते पाहू. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाल्याचे आपण सांगतो, त्याच साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' हे मराठी पाकपुस्तक प्रसिद्ध झाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले. ही पुस्तके चांगली आहेत, परंतु त्यांची दृष्टी घरची. चार-सहा माणसांचे प्रमाण. १९१६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले आणि गृहजीवनाचे विषय विद्यापीठाच्या दारातून आत घेतले, हे पाऊल मोठेच होते. तेथेही प्रश्न घर नीट चालविण्याचा होता, परक्याला पैसे घेऊन जेवू घालण्याचा नव्हता. परदेशात त्या वेळी निराळा प्रवाह वाहत होता. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे १८९३ साली हॉटेलवाल्यांसाठी शाळा निघाली होती. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हॉटेलव्यवस्थेचा अभ्यासक्रम सुरू केला. आणि तो कोठे? गृहशास्त्राच्या विभागात! मुंबईत १९०३ साली ताजमहाल हॉटेल उभे राहिले होते, १९१० साली दादरला मामा काण्यांचे उपाहारगृह निघाले होते, म्हणजे धंदा दोन्ही टोकांना चालू होता. त्याची विद्या मात्र कोणी केली नव्हती.

येथे मला मुंबई सोडून पुन्हा आपल्या जिल्ह्यात, महाडला यावे लागते. चवदार तळ्याचा सत्याग्रह मी या विषयात का ओढून आणतो, असे काहींना वाटेल. परंतु १९ आणि २० मार्च १९२७ ची ती परिषद जेवणपाण्याच्या व्यवस्थेच्या दृष्टीने एकदा वाचून पाहा. हजारो माणसे जमलेली, आणि गावात एवढे मोठे तळे असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग देवळात शिरणार अशी हूल उठली आणि जमाव मंडपावर चालून आला. परत निघण्याआधी लोक तेथे जेवत होते. शिजलेले अन्न मातीत मिसळून टाकण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहासाठी मंडळी जमली, तेव्हा महाडच्या व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारले आणि शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. तळ्याचा दावा कोर्टात चालत राहिला तो १९३७ पर्यंत, आणि हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

पाणी कोणी कोणाच्या हातचे प्यावे, हा प्रश्न आबदारखान्याच्या काळापासून मिटलेला नव्हता. मिटविण्याचा यत्न झाला तो १९५० साली, राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात. त्यातील दुसऱ्या कलमाची रचना मला फार अर्थपूर्ण वाटते. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश करण्यास जातीच्या कारणाने कोणाला मज्जाव करता येणार नाही, हे एका पोटकलमात. आणि त्याच्या लगेच खाली, दुसऱ्या पोटकलमात, विहिरी, तळी आणि स्नानघाट. हॉटेल आणि तळे शेजारी शेजारी बसलेले आहेत. ज्याला महाड ठाऊक आहे त्याला हे शेजार चमत्कारिक वाटणार नाही. उपाहारगृहाच्या पाटीवर मालकाची जात लिहिण्याची रीत तोवर चालूच होती. घटनेने ती पाटी कायद्याने निरर्थक ठरविली, आणि माझे म्हणणे असे की हॉटेल ही गोष्ट विद्यापीठात शिकविता येण्याजोगी झाली ती तेव्हापासून.

प्रत्यक्षात ती शिकविण्याची निकड मात्र भुकेतून आली. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला; त्याच वर्षी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. स्वातंत्र्य आले तरी तुटवडा संपला नव्हता. कन्हैयालाल मुनशी १९५० ते १९५२ केंद्रात अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी यांनी अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेचे काम हाती घेतले. तांदूळ-गव्हाऐवजी अन्य पदार्थ खाण्याची लोकांना सवय लागावी, स्वस्त आणि सकस खाणे मिळावे, म्हणून परिषदेने 'अन्नपूर्णा' या नावाची उपाहारगृहे काढली. ती चालवावयाची तर शिकलेली माणसे हवीत. ती मिळेनात. तेव्हा परिषदेने १९५४ साली मुंबईत एक संस्थाच सुरू केली. नावात 'केटरिंग' आणि 'पोषण' हे दोन्ही शब्द असलेली ही संस्था आज दादरला वीर सावरकर मार्गावर आहे. देशातील या प्रकारच्या शिक्षणाची ती आद्य संस्था. कॉर्नेलमध्ये हा विषय गृहशास्त्राच्या ओसरीवरून आत आला, आपल्याकडे स्त्रियांच्या अन्न परिषदेतून. आपल्याकडे दार उघडणारा हॉटेलवाला नव्हता.

एक गंमत सांगून पुढे जातो. त्या वेळी मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी होती. उरणच्या भट्ट्यांचा, किनाऱ्यावरच्या माडीचा जो धंदा मी मघाशी सांगितला, तो बंद पाडणारा हा कायदा. ज्या विद्येच्या नावातच अन्नाबरोबर पेय आहे तिचे पहिले पीठ मद्यबंदीच्या राज्यात निघाले!

यानंतरचा इतिहास झपाट्याचा आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथे अशाच संस्था झाल्या. १९८२ मध्ये त्या सर्वांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि पुढे विद्यापीठाची पदवी जोडली गेली. मुंबई विद्यापीठात याची बी.एस्‌सी. आहे. आणि महाडहून फार दूर नाही अशा लोणेरे येथे १९८९ साली जे तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले, ज्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, त्याच्या अभ्यासक्रमांतही हॉटेल व्यवस्थापनाची पदवी आलेली आहे. ज्या तालुक्यात पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले, त्याच्या शेजारी बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ पाहुण्यापुढे पाण्याचा पेला कसा ठेवावा हे शिकविते.

मग हे शिक्षण म्हणजे नेमके काय? एक उदाहरण घेऊ. समजा, आठशे रुपये किलोची सुरमई आणली. डोके, शेपूट, पोटातला भाग काढून साडेसहाशे ग्रॅम उरली. तर त्या मासळीचा खरा भाव आठशे नव्हे, सुमारे बाराशे तीस रुपये किलो झाला. एकशे तीस ग्रॅमचा तुकडा धरला तर पाच ताटे. एका ताटातली नुसती मासळी एकशे साठ रुपयांची. तेल, मसाला, सरपण, मजुरी निराळी. हे गणित न करता पाटीवर दर लिहिणारे आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत आणि हंगाम संपल्यावर पैसा कोठे गेला म्हणून ते कपाळाला हात लावतात. त्याचप्रमाणे, आधी आलेला माल आधी वापरणे. शिजलेला भात पाच अंशांच्या वर आणि साठ अंशांच्या खाली तासन्‌तास राहू न देणे, कारण त्या उष्णतेत जंतू वाढतात. खारवलेल्या हवेत मसाल्याचे डबे कोठे ठेवावे. हे सगळे शिकण्यासारखे आहे, आणि आईने ते शिकविलेले असेलच असे नाही.

परंतु हेच उदाहरण उलटे करून पाहा. पुस्तकातल्या हिशेबात सुरमईचे डोके 'घट' म्हणून लिहिले जाते. खानावळीच्या बाईच्या हिशेबात त्या डोक्याचे कालवण होते. साडेतीनशे ग्रॅमपैकी निम्मे तरी तिच्या पातेल्यात जाते. घट ही काही निसर्गाने ठरविलेली गोष्ट नव्हे; ती खाणाऱ्याच्या देशावर अवलंबून आहे. या विषयाची परिभाषा फ्रेंच, नमुन्याची ताटे युरोपची. जवळा, वाळत घातलेला बोंबील, पोपटीचे मडके यांना त्या पुस्तकांत अजून पुरती जागा मिळालेली नाही. ही माझी तक्रार आहे, आणि ती विद्यापीठांनी ऐकावी इतकी जुनी झालेली आहे. अलिबागेच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले; तो कांदा अभ्यासक्रमात कोणत्या पानावर आहे ते एकदा पाहावे.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागात नारळी-पोफळीच्या वाड्या जमीनदोस्त झाल्या. श्रीवर्धनच्या रोठ्याची ख्याती मी तुम्हाला सांगायला नको. पोफळ लावली तर फळ धरायला वर्षे जातात, माडाचेही तसेच. तोवर खावे काय? त्याच वर्षी मार्चात भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी बोट सुरू झालेली होती. पाहुणा दाराशी येत होता, वाडी आडवी पडलेली होती. तेव्हा 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' ही पाटी पूर्वी जेथे हौस म्हणून होती, तेथे ती संसाराचा आधार झाली. त्या घरांतील मुले-मुली हॉटेलचे शिक्षण घेतात, आणि पुष्कळशी बोटीवर किंवा आखातात निघून जातात. या किनाऱ्याची माणसे बोटींवर काम करीत आलेलीच आहेत, त्यात नवल नाही. पण घरची पाटी आईच्या एकटीच्या अंगावर पडते.

गेल्या हिवाळ्यात रेवदंड्याच्या बाजूस एका घरी जेवायला उतरलो होतो. मुलगी मुंबईत हेच शिकून दोन वर्षे मोठ्या हॉटेलात राहिली आणि परत आली होती. तिने स्वयंपाकघरात एक वजनकाटा आणून ठेवला होता. आईला तो मुळीच पसंत नव्हता. "माझा हात काय काटा नाही का?" असे ती मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. मुलीने वाद घातला नाही. "आई, तू टाक," म्हणाली, आणि आईने पातेल्यात टाकण्यापूर्वी प्रत्येक मूठ काट्यावरून जाऊ दिली : खोबरे, चिंच, मीठ, तिखट. ओट्यावर एक वही उघडी होती. तीत डाव्या बाजूला पदार्थाचे नाव, मध्ये ग्रॅम, आणि उजव्या रकान्यात आईचाच शब्द लिहिलेला : 'अर्धी मूठ', 'बोटभर', 'रंग येईस्तोवर'. बावीस पाने भरली होती. मी पाहतो आहे असे दिसल्यावर आईने वही मिटली आणि विचारले, "भात आणखी वाढू का?"